वाढत्या अंगाचे

पहिल्या पोराने गणवेशाचा शर्ट चढवला आणि त्याचे दोन्ही हात बाह्यांत गडप झाले. पँट मुठीत धरली होती, म्हणून कमरेला राहिली.

कमांडरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, मापं काय डोळे मिटून घेतलीत?"

"मापं बरोबर आहेत," शिंपीणबाई म्हणाल्या. "पोरांचे कपडे मी वाढत्या अंगाचेच शिवते. सगळ्या गावाचे तसेच शिवलेत."

रांगेत शेवटी त्यांचा आईवेगळा भाचा उभा होता. कमांडरच्या माणसांनी लढाईसाठी त्यालाही इतरांसारखंच घरातून उचललं होतं.

"उद्या बाहेरचे लोक पाहणीला येणार. त्यांना ही मोठी माणसं वाटली पाहिजेत. आत्ताच्या आत्ता लहान करून दे!"

"करते की. पण दुकानातल्या या अंधारात फिटिंग काय दिसणार, कपाळ? चला रे, सगळे घालून बाहेर उजेडात उभे राहा."

पोरं पायघोळ पँटी सावरत, अडखळत रस्त्यावर आली.

समोर त्यांच्या आया सकाळपासून उभ्या होत्या. बंदुकांपुढे कुणाची छाती होत नव्हती. पोरांचे ते अवतार पाहून एकीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू कोसळलं. ती तरातरा रस्ता ओलांडून आली, पोरापुढे उकिडवी बसली आणि त्याच्या बाह्या दुमडू लागली. मग दुसरी आली. मग सगळ्याच. बाह्या दुमडून झाल्या, तशा त्या पोरांचे हात धरून घराकडे चालू लागल्या.

"अडव त्यांना!" कमांडर दाराशी उभ्या पहारेकऱ्यावर ओरडला.

पहारेकऱ्याने बंदूक उचलली. दारात उभ्या शिंपीणबाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्याची शाळेची पहिली चड्डी त्यांनीच शिवली होती, चांगली गुडघ्याखाली येणारी. त्याने बंदूक खाली घेतली.

कमांडरचा हात पिस्तुलावर गेला. खिडक्याखिडक्यांत माणसं उभी होती आणि कुणीही आत जात नव्हतं. हात तिथेच राहिला.

रस्त्यावर आता भाचा तेवढा उरला होता. शिंपीणबाई त्याच्यापुढे बसल्या आणि बाही दुमडू लागल्या, एक घडी, दुसरी, तिसरी, बोटं दिसेपर्यंत.

"कपडे अंगाला बसेपर्यंत पोरं घरीच राहतील, साहेब," मान वर न करता त्या म्हणाल्या. "बसले, की मग ज्याला त्याला विचारा, लढायला येतोस का."