अख्ख्या पोराचा नवस

अठ्ठ्याण्णव साली श्रीशैल तीन वर्षांनी अमेरिकेतून कोल्हापुरात परतला, तो तीस किलो वजन उतरवून. तिकडं ऑफिसात त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. आता शिवाजी पेठ काय म्हणेल, या विचारानं त्याला विमानात झोप लागली नव्हती.

पोरगं सुखरूप परत आलं तर गुळानं त्याची तुला करीन, असा त्याच्या आईचा, बसव्वाचा, जोतिबाला नवस होता. डोंगरावर हलगी कडकडू लागली. श्रीशैल टेचात पारड्यात बसला. दुसऱ्या पारड्यात वडील दहा-दहा किलोंच्या ढेपा ठेवू लागले. सातव्या ढेपेलाच श्रीशैल वर उचलला गेला.

"बघ अव्वा, सातच. गेलतो तवा दहा लागल्या असत्या."

हलगी थांबली. भावकीनं माना खाली घातल्या. बसव्वा उरलेल्या तीन ढेपांकडं बघत राहिली.

गुरव हळूच म्हणाला, "मावशी, पोरगं आलं, तुला झाली. फिटला की नवस."

"कशाचा फिटतोय?" बसव्वानं पारड्यातली पहिली ढेप खाली उतरवली. "म्या धा ढेपांचं पोरगं धाडलं हुतं. तुमच्या देवाला सांगा, ऱ्हायलेलं आधी आण म्हणावं, मग गूळ."