झाकणभर सिलिकॉन

रिसोडच्या दुकानदारानं चंपतच्या हातात सिलिकॉनच्या स्टिकरची बाटली ठेवली. "चंपतभाऊ, फवाऱ्यात झाकणभर टाका. औषध पानभर पसरते आन असं चिकटते, का वरून धो धो पाणी आलं तरी धुवून जात नाही."

चंपतनं बाटली घेतली, पण विश्वास काही ठेवला नाही. आजवर त्याचं बियाणं बोगस निघालं होतं, खत बोगस निघालं होतं, लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळसुद्धा मांडवातच बंद पडलं होतं.

वावरात आला तर फवारणीचा पंप भरलेलाच होता. बायकोनं किडीचं औषध कालवून ठेवलं असेल असं समजून त्यानं त्यात झाकणभर स्टिकर ओतलं आणि फुलावर आलेली वांगी एकही पान न सोडता फवारून काढली. दिवाळीपर्यंतचं घर त्याच वांग्यांवर चालायचं होतं.

तेवढ्यात बायको, गोजराबाई, आली. "अवो, धुऱ्या-बांधावरच्या गवतासाठी मी पंप भरून ठेवला होता, तो कुठी गेला? तणनाशक हाये त्याच्यात."

चंपतनं आधी रिकाम्या पंपाकडे, मग वांग्यांकडे बोट दाखवलं. आणि नेमका तेव्हाच बदाबदा पाऊस सुरू झाला.

"धुवून जाईन न हो सारं?" गोजराबाईनं विचारलं.

चंपतनं भिजत भिजत हात जोडले. "देवा, एवढं स्टिकर तरी डुप्लिकेट निघू दे."

 

आठवडाभरात वांग्याचं एकही झाड हिरवं उरलं नाही. जन्मात पहिल्यांदाच चंपतला अस्सल माल मिळाला होता.