कोपऱ्यातला रेडियस

"यात सगळं आहे," ती कागद टेबलावर ठेवत म्हणाली. "फक्त मी जे शिकले, तेच नाही."

बाबा चष्मा पुसत राहिले. कागदावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात सात ओळी होत्या. सॉफ्टवेअर. बँकेच्या परीक्षा. पुढचं शिक्षण. व्यवस्थापन. प्राध्यापकी. सरकारी नोकरी. विम्याचा सर्व्हेअर. नुकत्याच मेकॅनिकल इंजिनीअर झालेल्या मुलीला करता येईल असं काही त्यांनी सोडलं नव्हतं. कारखान्यात बसून मशीन डिझाइन करणं तेवढं सोडलं होतं.

"विमा? बाबा, मी लोकांच्या ठोकलेल्या गाड्या मोजत फिरू?"

"गाडी आधीच ठोकलेली असते, इंजिनीअरबाई. आपल्यामुळे ठोकत नाही."

"तुम्हाला नाही जमलं म्हणून तिलाही जमायचं नाही का?" ओट्यापाशी आई म्हणाली. "तिच्या पायात पाय घालू नका."

बाबांनी दुकानाच्या किल्ल्या उचलल्या आणि चपला घातल्या.

बाबाही मेकॅनिकल इंजिनीअरच होते. लग्नाआधी दोन वर्षं कुठल्याशा कारखान्यात होते. मग वह्या-पेन्सिलींचं दुकान, त्यात एक झेरॉक्स मशीन. का, असं विचारलं की म्हणायचे, "जमलं नाही." पुढे एक शब्द नाही.

कॉलेजात असताना एकदा मैत्रिणी तिला ओढत त्याच दुकानात घेऊन गेल्या. ती गिऱ्हाइकासारखी रांगेत उभी राहिली. बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, झेरॉक्सचे कागद नीट जुळवून दिले आणि विचारलं, "अजून काही, मॅडम?" ते आठवलं की अजून तिचे कान तापत.

"बँकेच्या क्लासला जाते," असं आईला सांगून ती निघाली. पिशवीत पंपांच्या कारखान्यातून आलेलं मुलाखतीचं पत्र होतं. डिझाइन विभागात एकच जागा होती. लेखी परीक्षा पार पडली होती, आज शेवटची फेरी. वर्गातले बाकीचे सगळे सॉफ्टवेअरमध्ये गेले होते. ही जागा हुकली तर बाबांची यादी होतीच.

कारखान्यात मुलाखतीच्या खोलीत डिझाइनचे मोठे साहेब एकटेच बसले होते. पांढरे केस, कोपरं झिजलेला कोट. बाहेरचा लिपिक म्हणाला होता, या महिन्याअखेर निवृत्त होतायत, कुणालाही घाम फोडतात.

तिचा अर्ज त्यांच्यासमोर पालथा पडला होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिनं नुसतंच 'व्यापार' लिहिलं होतं. ते काही विचारतात का, म्हणून ती ओठ घट्ट मिटून बसली.

त्यांनी ते विचारलं नाही. खणातून लोखंडाचा एक जड तुकडा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मोडलेला शाफ्ट होता, पंप फिरवणारा दांडा.

"का मोडला?"

तिनं तो हातात घेतला. मोडलेल्या भागावर शिंपल्यावर असतात तशा रेघा होत्या. जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, नेमका तिथेच तडकला होता. तिनं त्या कोपऱ्यावरून नख फिरवलं.

"कोपरा धारदार ठेवलाय, सर. इथे गोलाई द्यायला हवी होती, तीन मिलिमीटर रेडियस तरी. फिरता फिरता इथूनच तडा वाढत गेला."

"नक्की?"

"नक्की. दुसऱ्या वर्षात शिकवतात हे."

साहेबांनी मान हलवली. "मोडला तेव्हा एक माणूस शेजारी उभा होता. पाय गेला त्याचा."

तिनं शाफ्ट टेबलावर परत ठेवला.

"ज्यानं हे ड्रॉइंग केलं, त्याचं काय करायला हवं होतं?"

ही पण परीक्षाच असणार, असं तिला वाटलं. मऊ उत्तर दिलं तर जागा जाईल.

"त्याला परत ड्रॉइंगबोर्डापाशी उभं राहू द्यायला नको होतं," ती म्हणाली. "एवढं साधं ज्याला कळत नाही, त्यानं दुसरं काहीतरी करावं."

"राहिला नाही तो," साहेब म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी स्वतःहून गेला."

त्यांनी खणातून गुंडाळलेला ट्रेसिंग पेपर काढला आणि तिच्यापुढे पसरला. त्याच शाफ्टचं शाईतलं ड्रॉइंग होतं. कोपऱ्यापाशी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"आता खिडकीसमोर धरा."

तिनं धरलं. उजेडात तेवढीच एक जागा खरखरीत, पातळ दिसत होती. शाई गेली होती, पण पेनाच्या टोकाचा दाब कागदात उरला होता. 'आर तीन', म्हणजे तीन मिलिमीटर रेडियस. बाणासकट.

"खरवडलंय," ती म्हणाली. "ब्लेडनं."

"हो. ट्रेसिंगवरची शाई अशीच काढायचो आम्ही. गोलाई कापायचं गोल टोकाचं टूल तुटलं होतं आणि माल संध्याकाळी निघायचा होता. ड्रॉइंगमध्ये रेडियस दिसला असता तर तपासणीवाल्यानं माल अडवला असता."

"कुणी खरवडलं?"

"मी."

ट्रेसिंग तिच्या हातातच होता.

"नोकरी तुमची आहे," साहेब म्हणाले. "ती मी काल लेखी परीक्षेचा पेपर पाहूनच ठरवली होती. याचा तिच्याशी संबंध नाही."

"आणि तो ड्रॉइंग करणारा? त्याला तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, तूच लिहायला विसरलास. नवीन मुलगा होता, मी साहेब. हा कागद उजेडात धरून बघावं असंसुद्धा त्याला सुचलं नाही. खरं मानलं त्यानं." त्यांनी तिचा अर्ज सुलटा केला आणि वडिलांच्या नावाच्या रकान्याकडे बघत राहिले. "तुमचे बाबा अजूनही तेच खरं मानत असतील."