न कातरलेले पंख

राघूचे पंख वाढले, की दिगंबरराव ते स्वतः कातरत. या वर्षी सुनेनं, केतकीनं, त्यांचा हात धरला. "बाबा, राहू द्या. घरातच उडायला शिकवू त्याला."

रोज सकाळी खिडक्या लावून, फॅन बंद करून ती तळहातावर शेंगदाणा घेऊन उभी राहायची. राघू खुर्चीच्या पाठीवरून झेप घ्यायचा आणि धपकन सतरंजीवर पडायचा. "नाही जमायचं त्याला," दिगंबरराव म्हणायचे, पण बघत बसायचे.

विसाव्या दिवशी तो उडाला. केतकीच्या हातावरून पुढे गेला आणि थेट दिगंबररावांच्या खांद्यावर बसला. आजवर त्यांचा हात जवळ आला, की तो अंग चोरायचा.

थोड्या वेळानं केतकीनं चहा आणला.

"ठेव तिथं," ते हळूच म्हणाले. "माझा हात हलला, तर घाबरेल तो."