चुन्याचे हात

त्यांचा लाडका फुटबॉल क्लब परदेशी अब्जाधीशाला विकला गेला, तेव्हा सामन्यांना वर्षानुवर्षं क्लिफर्डच्या शेजारी बसणाऱ्या विल्फचं पत्र आलं होतं, "आम्ही वर्गणी काढून आपलाच नवा क्लब काढतोय. येतोस?" क्लिफर्डने उत्तर दिलं नाही; तो जुन्याच क्लबच्या सामन्यांना जात राहिला. विकलेल्या क्लबने पुढे चषकांवर चषक जिंकले. विल्फ आपल्यावर जळत असणार, या कल्पनेनेच त्याला बरं वाटायचं.

शनिवारी विल्फ बस थांब्यावर भेटला. दोन्ही हात चुन्याने माखलेले.

"चार-शून्यने हरलो, लेका. मैदानावर रेषा मारायची पाळी आज माझी होती. तुमचं काय?"

"जिंकलो."

"शेजारी कोण होतं?"

शेजारच्या खुर्चीत दर सामन्याला नवाच पाहुणा असे, स्वतःचेच फोटो काढणारा. क्लिफर्डची नजर विल्फच्या हातांवरून हटेना.

सोमवारी त्याने त्या जुन्या पत्राचं उत्तर टपालात टाकलं. "माझी पाळी कधी?"