दोन ओरिजिनल, दोन नकली

आयुष्यातली पहिली गाडी घेतली, तर पठ्ठ्याला चकचकीत अलॉय चाकंच हवी होती. ओरिजिनल मात्र दोनच परवडत होती.

"नकली चाक खड्ड्यात तडकतं, साहेब," फिटर म्हणाला. "त्यापेक्षा ही साधी लोखंडी राहू द्या."

"आणि लोकांत हसं करून घेऊ? ओरिजिनल दोन्ही माझ्या बाजूला बसव. नकली पलीकडे, बायको बसते तिकडे."

फिटरने तोंड फिरवलं. बायकोने आपल्या मागे बांधलेली लेकीची छोटी सीट सोडवली आणि नवऱ्याच्या मागे बांधायला घेतली.

तो खेकसला, "अगं ए, तिथे नको! कानाशी किरकिर करते कार्टी. राहू दे तिकडेच."