नकलेबद्दल मालकांचं मत

निवडणूक लागली, म्हणून सगळे परवानेवाले आपापली पिस्तुलं जमा करायला पोलीस ठाण्यात रांगेत उभे होते. त्यातले वीटभट्टीवाले टेमघरे घामाघूम झाले होते. पिस्तूल रिकामं करून द्यायचं असतं आणि त्यांच्या पिस्तुलात गोळी अडकून बसली होती.

"एका मित्रासाठी विचारतो," ते मागे उभ्या असलेल्या डेअरीवाल्या बागलांना म्हणाले. "ही जुन्या विलायती पिस्तुलाची स्वस्तातली नक्कल कशी असते हो?"

"अहो, अस्सलाच्या तोंडात मारेल! माझं कधी अडकलं नाही."

"मी तर उशाशी घेऊन झोपतो," त्यांच्याही मागून सरपंच म्हणाले.

रांगेत प्रत्येकाकडे तीच नक्कल होती आणि प्रत्येक जण खूश होता. टेमघऱ्यांना वाटलं, आपल्याच हाताला गुण नाही.

"पुढचे या! रिकामं आहे ना?" हवालदारबाईंनी विचारलं.

टेमघऱ्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. "बाई, गोळी जरा अडक..."

वाक्य पुरं व्हायच्या आत सरपंचांसकट अख्खी रांग फरशीवर पालथी पडली.

"टेमघरे," खालून बागल कुजबुजले, "त्याच्याकडे बघू नका. नुसतं बघितलं तरी सुटतं."